मागचा आस आणि डिझेलचा हिशेब

पारनेर तालुक्यातला कांदा पिकअप गाडीत भरून मुंबईला निघाला की टाकळी ढोकेश्वरवरून पुढे माळशेज घाट उतरतो. पुण्याला निघाला की सुप्यावरून बहुतांशी सपाटीने जातो. रस्ते दोन, पण चालकांची तक्रार एकच आमच्या कानी येते: ॲव्हरेज कमी पडले की भत्ता कापला जातो. म्हणून मागच्या आसातले गणित कामगाराने समजून घेणे अवश्य आहे, असे आम्ही मानतो.

या आसात पिनियन हे लहान आणि क्राऊन हे मोठे दातेरी चाक असते. पिनियनला 10 व क्राऊनला 41 दात असतील, तर शाफ्ट 4.1 वेळा फिरतो तेव्हा गाडीचे चाक एकदा फिरते. क्राऊन 37 दातांचा असेल, तर 3.7 फेऱ्यांत काम भागते.

चाकाचा घेर दोन मीटर धरा. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1000 मीटर, अर्थात चाकाचे 500 फेरे. गिअरबॉक्समधून फेरे जसेच्या तसे येत असतील, तर पहिल्या जोडीने इंजिन 2050 फेरे घेते, दुसरीने 1850. प्रत्येक फेऱ्यात इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणापायी थोडे डिझेल खर्ची पडते, ते वाचते. परंतु वारा आणि ओझे तेवढेच राहतात. म्हणून फेरे दहा टक्के घटले तरी डिझेल दहा टक्के घटत नाही. बचत त्याहून कमीच असते.

शिवाय चाकाची ओढही घटते. चढावर गिअर लवकर खाली आणावा लागतो, तेथे बचत संपते. भरल्या गाडीने निघताना क्लच झिजतो. घाट उतरताना इंजिनाचा रोध कमी मिळतो व ब्रेकवर भार येतो. तेव्हा सपाटीला लाभाची जोडी घाटाला लाभेलच असे नाही.

आता खरी मेख. ज्या गाडीचे किलोमीटरचे घड्याळ गिअरबॉक्सवरून चालते, तिची 4.1 ची जोडी काढून 3.7 ची बसवली आणि घड्याळ दुरुस्त केले नाही, तर गाडी 100 किलोमीटर जाते आणि घड्याळ 90 दाखवते. डिझेल 8 लिटर लागले असेल, तर खरा ॲव्हरेज साडेबारा, वहीत सव्वाअकरा! डिझेल वाचवूनही चालक चोर ठरतो.

म्हणून आमचे मालकांना व चालकांना एकच सांगणे आहे. टाकी काठोकाठ भरा, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून अंतर मोजा, तोच रस्ता व तेवढेच ओझे ठेवून दोनदा पाहा. भत्त्याला हात लावायचा की नाही, ते मग ठरवा.