घर बदलणाऱ्या मित्राला आधार कसा द्यावा?

भाडेकरार संपतो, घरमालकाला जागा स्वतःसाठी हवी असते किंवा कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. बंगळुरूत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबावर घर बदलण्याची वेळ अशी अनेक कारणांनी येते. सामान हलवण्यासाठी 'पॅकर्स अँड मूव्हर्स' सहज मिळतात. मनावर येणारा ताण मात्र बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही.

बंगळुरू शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत सुमारे ६५ लाख होती. २०११मध्ये ती ९६ लाखांवर पोहोचली. या वाढीत नोकरीसाठी बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा होता. पुण्यात किंवा कोल्हापुरात घर बदलताना मावशीकडून जेवणाचा डबा येतो, चुलतभाऊ टेम्पो ठरवून देतो. परगावी नातेवाइकांची ही जागा मित्रांनाच भरून काढावी लागते.

अमेरिकेतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची ताणानुसार क्रमवारी लावली. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, तर घर बदलण्याला अवघे २० गुण आहेत. आकडा किरकोळ वाटतो. परंतु घराबरोबर मुलांची शाळा बदलते (२०), राहणीमान बदलते (२५) आणि लोकांतील वावरही बदलतो (१८). ही बेरीज ८३ होते. असे गणित ढोबळच असते. तरीही 'एवढ्याशा गोष्टीचे काय वाटून घ्यायचे' असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा पाहावे.

बॉस्टनमधील वेस्ट एंड ही वस्ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस पाडण्यात आली. तेथून उठवलेल्या रहिवाशांचा अभ्यास मार्क फ्रीड यांनी १९६३मध्ये प्रसिद्ध केला. अनेकांचे दुःख आप्ताच्या वियोगासारखे असल्याचे त्यांना आढळले. स्वेच्छेने घर बदलणाऱ्याची स्थिती इतकी तीव्र नसते. पण ओळखीचा भाजीवाला, जिन्यात भेटणारे शेजारी आणि फिरायला जाण्याची वाट त्याचीही सुटते. अशा वेळी 'नवे घर तर मोठे आहे' हे सांत्वन उपयोगी पडत नाही. जुन्या घराच्या आठवणी त्याला निवांत बोलू द्याव्यात.

'काही लागले तर सांग' हे वाक्यही फारसे कामाचे नसते. थकलेल्या माणसाला काय लागणार हेच सुचत नाही. त्यापेक्षा 'शनिवारी मुलांना आमच्याकडे ठेवतो' असे नेमके सांगावे. बंगळुरूत अनामत रकमेचा प्रश्न विशेष त्रासाचा असतो. येथे पाच ते दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची प्रथा रूढ होती आणि घर सोडताना रंगकामासाठी अनेकदा महिन्याचे भाडे कापले जाते. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. परंतु तो राज्यांनी स्वीकारावा असा नमुना आहे. जुनी अनामत हाती येण्यापूर्वीच नवी भरावी लागते. त्या आठ-दहा दिवसांसाठी शक्य असल्यास उसने पैसे द्यावेत. निदान चाव्या परत करताना सोबत जावे आणि भिंती, नळ, दिवे यांची छायाचित्रे काढावीत. घरमालकासमोर एकट्याने वाद घालण्याची धास्ती त्याने बरीच कमी होते.

प्रत्यक्ष स्थलांतराच्या दिवशी माणसांची गर्दी असते. नव्या घरात दूध उतू जाऊ देण्याची रीत कर्नाटकात आहे, महाराष्ट्रातही अनेक घरांत ती पाळतात. तेवढ्यापुरते सारे जमतात. खरे एकटेपण त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी जाणवू लागते. गॅसजोडणीचा पत्ता बदलायचा असतो, मतदारयादीसाठी ८ क्रमांकाचा अर्ज भरायचा असतो आणि फोन करणारे कमी झालेले असतात. मित्राने भेटीला जावे ते याच सुमारास. घरात महाराष्ट्रातून आलेली वृद्ध आई असेल तर तिच्याशी आवर्जून बोलावे. कन्नड न येणाऱ्या वृद्धेची एकुलती मराठी शेजारीण जुन्या इमारतीतच राहिलेली असू शकते.

झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे, सतत रडू येणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बंगळुरूची 'निम्हान्स' ही संस्था ज्या योजनेचे मध्यवर्ती केंद्र आहे, ती 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. पहिला फोन करताना मित्राने शेजारी बसण्यास हरकत नाही.