नापास झाले तर कर्ज कोणाचे?

जून महिन्यात आमच्या वाशीम जिल्ह्याचे डोळे दोन गोष्टींकडे लागलेले असतात. एक पाऊस आणि दुसरा निकाल. मृग कोरडा गेला तर माणसे निदान उघडपणे चिंता करतात, पारावर बसून आभाळाला दोन शिव्याही घालतात. निकालाची चिंता मात्र दार लोटून, घरातल्या घरात करायची असते. पेरलेले उगवले नाही तर दुबार पेरणी करावी लागते, हे शेतकऱ्याला ठाऊकच असते. शिक्षणातल्या दुबार पेरणीलाही आता गावोगाव एक शब्द रुळला आहे. बारावी झालेल्या पोरीची चौकशी केली की आई सांगते, "रिपीट करून राह्यली." म्हणजे नीटची परीक्षा पुन्हा देते आहे. लातूरला, नांदेडला किंवा ज्याची ऐपत आहे तो थेट कोट्याला.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच, असे आम्ही पाहुण्यांना सांगतो. त्यापुढे सांगण्यासारखे फारसे सुचत नाही. सोयाबीन, तूर, जमले तर रब्बीचा हरभरा. कारखानदारी नावापुरती. २०१८ साली सरकारने देशातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली आणि त्यांना 'आकांक्षित' असे गोड नाव दिले. त्या यादीत वाशीम आहे. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे, पण इथल्या बारावीच्या वर्गात जाऊन बसावे, शब्द अगदी चपखल बसतो.

आमच्या पिढीच्या आकांक्षा आखूड होत्या आणि त्यामुळे बऱ्याच सोप्याही. वऱ्हाडातल्या खेड्यातला पोरगा शिकला तो पंजाबराव देशमुखांसारख्यांच्या पुण्याईने. त्यांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्या श्रद्धानंद छात्रालयात वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. तिथून सुरू झालेली वाट आमच्यापर्यंत पोचेस्तोवर चांगली रुळली होती. मॅट्रिक, तालुक्याचे कॉलेज आणि मग मास्तर, तलाठी, पोलीस किंवा बँक. मी १९८२ साली बँकेत चिकटलो तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले आणि माझ्या भवितव्याचा विचार करणे कायमचे बंद केले. त्यांना तशी मुभा होती. आजच्या बापाला ती नाही.

मधल्या काळात डी.एड.ची लाट आली. २००० नंतरच्या दशकात गावोगाव अध्यापक विद्यालये निघाली आणि 'दोन वर्षांत मास्तर' हा हिशेब सर्वांना पटला. मुली तर झुंडीने गेल्या. पुढे २०१२ नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे अडली, २०१३ पासून टीईटीची चाळणी लागली, आणि पदविका घेतलेली मुले-मुली घरी बसली. त्यांतली कित्येक आज मेडिकलच्या दुकानात, पतसंस्थेत, नाहीतर सासरी आहेत. आजच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची ही थोरली भावंडे. नव्या पिढीची काळजी समजून घ्यायची तर ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. या मुलांनी शिकून वाया गेलेले माणूस घरातच पाहिलेले आहे.

निवृत्तीनंतर मी वाशीमलाच राहिलो. बँकवाला म्हणून माझ्याकडे अजूनही माणसे कागद घेऊन येतात. २०२४ च्या जून महिन्यात असेच एक गृहस्थ आले. मालेगाव तालुक्यातले (आमचे मालेगाव, नाशिककडचे नव्हे), चार एकर कोरडवाहू. सोबत मुलगी. तिने ५ मे रोजी नीट दिली होती. देशभरातून तेवीस लाखांवर मुले बसली होती. निकाल १४ जूनला लागायचा तो दहा दिवस आधीच, ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी चालू असताना लागला. गावात सगळे टीव्हीसमोर मते मोजत होते आणि ही पोरगी मोबाईलवर आपले गुण पाहत होती. साडेपाचशेच्या आसपास. ती सांगत होती, "बाबांनी इचारलं किती, मी सांगितलं, आन त्यायले वाटलं झालंच काम."

पण त्या वर्षी सगळ्यांचेच गुण फुगले होते. सुरुवातीच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले. १,५६३ जणांना वाढीव गुण दिल्याचे निघाले, ते रद्द करून त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला. पेपर फुटल्याच्या बातम्या पाटणा आणि हजारीबागेहून आल्या, लातुरातही अटका झाल्या. ज्या लातूरला जाण्यासाठी वडील पैशाची जमवाजमव करीत होते, त्याच लातूरचे नाव रोज पेपरात. संपूर्ण परीक्षा पुन्हा होणार की नाही, हे २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने 'नाही' म्हणेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. तोवर अठरा वर्षांच्या पोरीने काय करावे? पुस्तक उघडावे की मिटावे?

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. पुण्याहून बदली होऊन वाशीमला आलेल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ उठला. परवानगीपेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याचा ठपका ठेवून ३१ जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. दिल्लीच्या वाहिन्यांवर वाशीमचे नाव सतत येत होते. इथल्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारी पोरे ते पाहत होती. त्यांतला एक मला एवढेच म्हणाला, "आमी तं वयाचे महिने मोजून फॉर्म भरतो, काका."

असो. वडिलांचा प्रश्न सरळ होता. मुलीच्या शिक्षणाला बँक किती देईल? मी नेहमीचे सांगितले. शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना २००१ पासूनची आहे. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारच्या हमी निधीचा आधार आहे. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. वडील मान डोलावीत होते. मुलगी वहीत टिपून घेत होती. मग तिने पेन थांबवले.

"काका, एक इचारू? मी पासच नाई झाली, तं ते कर्ज कोनाच्या नावावर राह्यते?"

अडतीस वर्षांच्या नोकरीत शेतीकर्ज, पीककर्ज, सोनेतारण, घरकर्ज, सगळ्यांची प्रकरणे मी हाताळली. शैक्षणिक कर्जाचीही पुष्कळ. बाप विचारतो व्याज किती. मुलगा विचारतो मिळेल कधी. अर्जात अभ्यासक्रम असतो, मुदत असते, दरवर्षीची फी असते, नोकरी लागल्यावर पगार किती मिळेल याचाही अंदाज द्यायचा असतो. नापास झाल्यास काय, हा रकाना नाही. हा प्रश्न मला कोणी, आणि तेही कर्जदाराने, पहिल्यांदाच विचारला.

उत्तर अवघड नव्हते. कर्ज तुझ्या नावावर, सहकर्जदार म्हणून वडिलांची सही. पास हो, नापास हो, नोकरी लागो, न लागो, मुदत संपली की हप्ता सुरू. मी सांगितले तसे तिने ते लिहून घेतले. वडिलांना तो प्रश्नच अभद्र वाटला असावा. ते म्हणाले, "असं बोलू नोको बाई."

मुलांच्या चिंतेविषयी आपण बोलतो तेव्हा 'परीक्षेची भीती' असे सरसकट म्हणून मोकळे होतो. मला वाटते, पेपराची भीती त्यांना बेताचीच असते. तीन तास संपले की तीही संपते. खरी भीती परत येण्याची. खेड्यात खर्च लपत नाही. कोणाच्या पोरीसाठी किती गेले हे पिठाच्या गिरणीवर ठाऊक असते. हात हलवीत परत यायचे म्हणजे त्या सगळ्या हिशेबासमोर उभे राहायचे. माझ्या शाखेत एक बाप दूध घालून आलेल्या पैशातून मुलाच्या कर्जाचे व्याज भरीत असे. मुलगा पुण्यात. तीन दिवाळ्या घरी आला नाही. बापाला वाटे, अभ्यास असेल. चौथ्या वर्षी कळले की त्याने कॉलेज दुसऱ्याच वर्षी सोडले होते आणि तो एका गोदामात माल मोजण्याचे काम करीत होता. कर्ज फिटले, त्याच मुलाच्या पगारातून फिटले. पण दोन वर्षे आपण काय करतो हे त्याला घरी सांगता आले नाही.

पहाटे वाशीमहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर फिरायला गेलो की पोरे-पोरी धावताना दिसतात. पोलीसभरतीची तयारी. २०२४ च्या भरतीत राज्यात जागा होत्या १७ हजारांच्या वर आणि अर्ज आले १७ लाखांहून जास्त. म्हणजे शंभरात एक. आदल्या वर्षी तलाठ्यांच्या ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज, अर्जाचे शुल्क खुल्या गटाला हजार रुपये आणि राखीव गटाला नऊशे. या शुल्काची बेरीज वाचकांनीच करावी, मला जुनी सवय असूनही करवत नाही.

त्या गृहस्थांच्या खऱ्या अडचणीकडे येतो. कर्ज त्यांना हवे होते ते लातूरच्या एका वर्षासाठी. शिकवणी, वसतिगृह, जेवण धरून त्यांनी आकडा सांगितला दीड लाख. शैक्षणिक कर्ज मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते, खासगी शिकवणीला नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. शिक्षणाचा सर्वांत जोखमीचा टप्पा हाच, आणि नेमका तोच बँकेच्या योजनेबाहेर. म्हणून तर पीककर्ज शिकवणीत जाते आणि बियाणे उधारीवर येते. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने दीड लाख म्हणजे साडेतीस क्विंटलच्या वर. पाऊस नीट पडला तर त्यांच्या वावरात एकरी सात क्विंटल. चारही एकरांचे सगळे पीक, बी-खत-मजुरी न काढता, तरी पुरत नाही. आणि बाजारात तेव्हा हमीभावही मिळत नव्हता.

"एक एक्कर काढतो, साहेब," ते म्हणाले. "पोरगी डॉक्टर झाली तं दहा घेईन."

मुलगी काही बोलली नाही. गाडगेबाबांनी जेवणाची ताटे विका पण पोरांना शिकवा असे सांगितले. त्यांचेच नाव आमच्या विद्यापीठाला आहे. त्यांचा उपदेश या भागाने इतका मनावर घेतला की आता ताटांवर भागत नाही.

पुढची हकीकत तिच्याकडूनच कळली. तिने नीटबरोबर राज्याची सीईटीही दिली होती. या मुली सगळेच फॉर्म भरून ठेवतात, आणि शहाणपणाच करतात. जुलैत सरकारचा निर्णय निघाला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. आधी ती निम्मी होती. तिने घरात न विचारता कृषी पदवीचा पर्याय भरला आणि अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नंबर लागला. फी नाही, अंतर एसटीने दोन-अडीच तासांचे, एकर विकायचे कारण उरले नाही. आमच्या वाशीमला नवे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्याच वर्षी निघाले. राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांबरोबर ९ ऑक्टोबरला त्याचे उद्घाटन झाले. तेव्हा ती अकोल्याच्या वसतिगृहात होती आणि मातीचे प्रकार पाठ करीत होती.

वडील मात्र मनातून उतरून गेले होते. माझ्याकडे आले ते तक्रार घेऊनच. "वावरातच आनाची व्हती, तं बारा वर्सं शिकोली कायले?" त्यांच्या लेखी शिक्षण म्हणजे वावरातून बाहेर पडण्याची वाट, आणि पोरगी त्या वाटेने जाऊन पुन्हा वावराच्याच धुऱ्यावर आली होती. शेतीची पदवी घेऊन बँकेतही अधिकारी होता येते, कृषी सेवेची परीक्षा देता येते, हे मी त्यांना सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले. मुलीचे कारण निराळे होते आणि ते तिने वडिलांना सांगितले नव्हते. "एक्कर इकला असता तं मले रात्री अभ्यासच झाला नसता, काका. पुस्तक उघडलं का एक्करच दिसला असता."

डॉक्टर व्हायचे तिने मनातून काढून टाकले आहे, असेही नाही. वर्गातल्या तिघीजणी अजून नीट देतात, असे ती हसत म्हणाली. आपण देणार की नाही हे तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

परवा मालेगावच्या बसस्थानकावर तिचे वडील भेटले. सोबत गावातले दोघे होते. मी पोरीची चौकशी केली. "अकोल्याले हाय शिकाले," ते म्हणाले. सोबतचा एकजण कौतुकाने म्हणाला, "डॉक्टरकी का?" गृहस्थांनी समोरच्या गाडीची पाटी वाचायला घेतली आणि मग वाशीमची गाडी लागली म्हणून तिघेही घाईने उठले.