कोळणीची पाटी

पनवेलच्या खाडीपट्ट्यातील आगरी-कोळी वस्तीत ‘पाटी’ म्हटले म्हणजे शाळकरी पोराची दगडी पाटी किंवा दुकानावरचा फलक नव्हे, तर बांबूच्या कामट्यांनी विणलेली, पसरट तळाची, भक्कम काठाची आणि चुंबळीवर ठेवून मस्तकी वाहून न्यावयाची मासळीची टोपलीच प्रथम मनात येते. बेलपाडा हे त्याच पट्ट्यातले गाव.

पाण्यातून काढलेला मासा साचलेल्या पाण्यात लवकर नासतो; म्हणून त्याच्या अंगचे आणि वितळत्या बर्फाचे पाणी जिच्या फटींतून सतत निथळते व हवा खेळती राहते, ती बुरडाची वीण हाच या साध्या वस्तूतील खरा विचार होय, आणि तो मला थोर वाटतो. पण पाटी केवळ भांडे नव्हे, ते माप आहे. १८७५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या ससून डॉकसारख्या धक्क्यांवर घाऊक मासळीचा लिलाव टोपली-पाटीच्या हिशेबाने होत आला. तीच पाटी बाजारात उतरली की तिचे वाटे पडतात, आणि कोणता वाटा किती भरावा, मोठा मासा वर ठेवावा की तळाशी, गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर कोठवर उतरावे, हा सारा निवाडा तराजूशिवाय, नजरेने, कोळीण करते. दर्यावर पुरुष जातो. बाजार आणि रोकड मात्र तिच्या अखत्यारीत, म्हणून घरातल्या तिच्या शब्दाला वजन आहे.

या पट्ट्याचे रूप मात्र पालटत गेले. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था स्थापन झाली, त्यानंतर भातखाचरांच्या व मिठागरांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी संपादित झाल्या, आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या मार्गावर आता बेलपाडा नावाचे स्थानकही आहे. शहर वाढत गेले त्याच काळात ओल्या मासळीसाठी प्लास्टिकचे टब आणि थर्माकोलच्या पेट्या रूढ झाल्या. त्या हलक्या, टिकाऊ आणि धुण्यास सोप्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याचा तळ बंद आहे त्या टबातील पाणी वारंवार ओतून द्यावे लागते, हेही खरे. बोंबील, जवळा, सोडे अशा सुक्या मासळीला तर कोंडलेला दमटपणा मुळीच सोसत नाही, आणि तिच्यासाठी बांबूची पाटी आजही बाजारात दिसते.