प्रमाणपत्राच्या पोटात

सुरक्षा प्रमाणपत्राची पेम फाइल नोटपॅडमध्ये उघडली, की पहिल्या ओळीखालचा मजकूर बहुतेक वेळा ‘एमआयआय’ या अक्षरांनीच सुरू होतो. हा योगायोग नव्हे. त्याचं बेस-६४ हे सांकेतिक रूप उलगडलं की तिथे ३० आणि ८२ हे हेक्स बाइट निघतात. ३० म्हणजे इथून घटकांचा क्रम सुरू. ८२ म्हणजे लांबी पुढच्या दोन बाइटांत. १९८८ साली आलेल्या एक्स.५०९ या प्रमाणपत्रांच्या मानकाची सगळी मांडणी अशी डब्यात डबा ठेवल्यासारखी: आधी प्रकार, मग लांबी, मग ऐवज.

म्हणूनच व्हिज्युअल बेसिक ६ सारख्या जुन्या वातावरणातही, जड लायब्ररी न जोडता, एका छोट्या फंक्शनने मालकाचं नाव आणि मुदत वाचता येते. मला ही मांडणी फार देखणी वाटते. मुदतीपाशी मात्र जपायला हवं. २०४९ पर्यंतच्या तारखांत वर्ष दोनच आकडी असतं: ५० ते ९९ म्हणजे एकोणीसशेच्या घरातलं, ०० ते ४९ म्हणजे दोन हजारच्या. २०५० पासून चार आकडी वर्षाचा वेगळा प्रकार येतो, तोही हाताळावा.

आणि वाचता आलं म्हणजे खरेपणा पटला असं नाही. सही पडताळण्याचं गणित स्वतः लिहू नये; ते ओपनएसएसएलसारख्या मुरलेल्या साधनाच्या अद्ययावत आवृत्तीकडेच सोपवावं.