एडीएचडी : दंगेखोर मुलाच्या आड लपलेलं शांत मूल

फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी एक चित्रवही तयार केली. तिचं पुस्तक झालं आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्यात फिलिप आणि हान्स अशी दोन पोरं दाखल झाली. फिलिप जेवताना खुर्ची झुलवत राहतो आणि अखेर टेबलावरच्या कापडासकट सगळं ताट-वाटी खाली ओढतो. हान्स आभाळाकडे बघत चालतो आणि नाकासमोरच्या पाण्यात पडतो. गोष्टीतल्या पोरांचं निदान करू नये, हे खरंच. पण यांतल्या कुणाला एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचा विकार, असेल असं आज विचारलं, तर बहुतेकांचं बोट फिलिपकडेच वळेल.

घोळ सुरू होतो तो इथेच. निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या अमेरिकी नियमावलीत लक्षणांच्या दोन याद्या आहेत आणि प्रत्येकीत नऊ लक्षणं. एक अवधानाची : वस्तू हरवणं, काम अर्धवट टाकणं, समोर बोलत असताना कान दुसरीकडेच असणं. दुसरी चुळबुळ आणि उतावळेपणाची. मुलांमध्ये एका यादीतली किमान सहा लक्षणं सहा महिने टिकावी लागतात. वय सतरा किंवा त्याहून जास्त असेल तर पाच पुरतात. फक्त पहिली यादी भरली तर अवधानप्रधान, फक्त दुसरी भरली तर अतिचंचल आणि दोन्ही भरल्या तर संमिश्र. म्हणजे जागेवरून न हलणाऱ्या मुलालाही एडीएचडी असू शकतो.

असं मूल कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याची तक्रारही घरी येत नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्त घडतं. ‘वेंधळी आहे’, ‘तंद्रीत असते’ एवढ्यावर विषय मिटतो, आणि कित्येकींचं निदान मोठेपणी होतं.

‘पण तो मोबाइलवर तासन्‌तास गेम खेळतो की!’ हा आईबाबांचा हुकमी प्रतिवाद. गेममध्ये क्षणोक्षणी नवं काही घडतं, बक्षीस लगेच मिळतं. भूगोलाच्या धड्यात ती सोय नाही. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं त्यांना जड जातं.

प्रकार एकदा ठरला की जन्मभराचा, हाही समज टिकत नाही. १९८० साली नियमावलीने या विकाराचे चंचलतेसह आणि चंचलतेविना असे दोन भाग केले, १९८७मध्ये ते पुसले आणि १९९४मध्ये तीन प्रकार आणले. मग अडचण दिसू लागली : लहान मुलांचा आठ वर्षं मागोवा घेतलेल्या, २००५च्या एका अमेरिकी अभ्यासात अनेकांचा प्रकार मधल्या काळात बदललेला आढळला. म्हणून २०१३पासून त्यांना पक्के प्रकार न मानता, त्या-त्या वेळी दिसणारी रूपं मानलं जातं. चौथ्या वर्षी घर डोक्यावर घेणारं मूल पंधराव्या वर्षी नुसतंच विसराळू दिसू शकतं. पळापळ थांबली म्हणजे त्रास संपला, असं नव्हे. मोठेपणी ती अस्वस्थता बऱ्याचदा आत वळते.

साखरेने मुलं चंचल होतात म्हणतात, त्याचं काय? १९९४च्या एका प्रयोगात काही आयांना सांगितलं गेलं, की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात पेयात साखर नव्हतीच. तरीही या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, आणि त्यांनी मुलांना टोकलंही जास्त. वाढदिवसाच्या केकला उगाच दोष नको. एडीएचडीत मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो. निदान मुलाचं होत असतं आणि वर्णन ऐकता ऐकता बाबा स्वतःलाच ओळखतात, हेही घडतं.

रक्ताच्या तपासणीत एडीएचडी सापडत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसतात का, हे डॉक्टर बघतात. ऐकू कमी येणं, अपुरी झोप, चिंता किंवा अध्ययन अक्षमता यांमुळेही लक्ष उडतं, त्यामुळे तीही तपासावी लागतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं कामी येतात. गुणांपेक्षा शिक्षकांचे शेरे.