मागचे पाय

कुत्र्याचे मागचे पाय एका रात्रीत गेले, की आपल्याकडे त्या दुखण्याला तीन नावे तयार असतात. शेजारीण म्हणते, ‘वारं गेलं.’ दूधवाला म्हणतो, ‘लकवा मारला.’ आणि चार पुस्तके वाचलेला गृहस्थ म्हणतो, ‘अर्धांगवायू.’ मराठीचा अध्यापक या नात्याने मला पहिला शब्दप्रयोग सर्वांत आवडतो. पण उपचाराच्या दृष्टीने तिन्ही सारखेच निरुपयोगी. आमच्या गुंड्याच्या बाबतीत वाऱ्याचा काही संबंध नव्हता. बिघाड होता पाठीच्या कण्यात.

गुंड्या डॅशहंड जातीचा, वय वर्षे चार. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेर चिवट कडे, आत मऊ गर. या जातीत तो गर वर्षभराच्या आतच वाळू लागतो, त्यात चुना साठतो. मग एखादे दिवशी कडे फाटते आणि गर उसळून थेट मज्जारज्जूवर आदळतो. स्वीडनच्या हान्सेन यांनी १९५२ साली हा प्रकार नीट उलगडून दाखवला. पुढे २०१७ मध्ये त्यामागचे आनुवंशिक कारणही सापडले : एका जनुकाची बाराव्या गुणसूत्रावरची जादा नक्कल. गंमत अशी, की हीच नक्कल पायही आखूड करते. जर्मनीत बॅजरच्या बिळात शिरता यावे म्हणून माणसाने हा बुटका कुत्रा घडवला. घडवणाराने हौस भागवली, बिल मात्र कुत्र्याच्या नावावर!

डॉक्टरांनी आधी विचारले ते लसीबद्दल. रेबीजमध्येही मागचे पाय लुळे पडू शकतात, म्हणून लस टोचलेली नसेल तर अशा कुत्र्याच्या तोंडाशी हात नेऊ नये, हे त्यांनी बजावले. लसीचे कार्ड पाहिल्यावर त्यांनी चिमट्याने मागच्या पायाचे बोट जोरात दाबले. पाय झटकन आखडला. मला हायसे वाटले. पण डॉक्टर पायाकडे पाहतच नव्हते, ते तोंडाकडे पाहत होते. पाय आखडणे हा मज्जारज्जूतल्या मज्जारज्जूत होणारा व्यवहार. मेंदूला पत्ता नसतानाही तो होतो. वेदना वरपर्यंत पोचली, तर कुत्रा वळून पाहतो, ओरडतो. त्यांनी पुन्हा दाबले. गुंड्या केकाटला आणि त्यांच्या बोटाला तोंड घालायला वळला. ‘उत्तम,’ डॉक्टर म्हणाले. ओरडणारा कुत्रा शस्त्रक्रियेनंतर बहुधा चालतो. न ओरडणाऱ्याची शक्यता निम्म्यावर येते.

शस्त्रक्रियेची सोय आमच्या गावात नव्हती. वेदना शाबूत होती, म्हणून पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती हा दुसरा मार्ग उरला. तो सावकाशीचा आणि कमी खात्रीचा. त्याच संध्याकाळी शेजारचे एक निवृत्त अधिकारी आले आणि अत्यंत सद्‌भावनेने म्हणाले, ‘कशाला हाल करता? एक सुई द्या, मोकळा होईल.’ दहावीतली मुलगी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. आत जाऊन जुन्या लाकडी खोक्यात गोधडी अंथरू लागली.

पाय गेले म्हणजे फक्त चालणे गेले, असे लोकांना वाटते. लघवीही जाते. अंथरुणावर चार थेंब दिसले, की घरची माणसे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात ती मूत्राशय भरून वाहिल्याची खूण असते. दिवसातून तीन-चार वेळा पोट दोन्ही बाजूंनी अलगद दाबून ते रिकामे करावे लागे. डॉक्टरांनी दोनदा शिकवले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना ते साधले. माझ्या हाताला अखेरपर्यंत साधले नाही. कूस बदलायची, कातडीला जखम होऊ द्यायची नाही. कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले, कुणी स्वतःच्या कंबरदुखीच्या गोळ्या आणून दिल्या. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. त्या मी आभार मानून कपाटात ठेवल्या.

नवव्या दिवशी मुलगी शाळेतून आली तेव्हा शेपटीचे टोक हलले. विसाव्या दिवशी तो उभा राहिला आणि पाण्याच्या भांड्यात पडला. खोक्यातून बाहेर काढला तो पाच आठवड्यांनी.

आता तो चालतो. पुढचे पाय एक वाट धरतात, मागचे जरा विचार करून तीच वाट धरतात. जिन्याला फळी लावली आहे. पलंग विकून टाकला; आम्ही सगळे खालीच झोपतो.