अतिविष: खरें आणि खोटें

बाळगुटीच्या सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड यांच्या पंक्तीस अतिविषाचेहि वेढे देण्याची चाल आपल्या घरोघर होती, आणि पुष्कळ घरीं ती अद्यापि आहे. म्हणून या मुळाविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

अतिविष आपल्या सह्याद्रींत होत नाहीं. काश्मीर, हिमाचल, गढवाल येथील हिमालयाच्या उंच उतारांवर तें उगवतें. बेसुमार खणतीमुळें तें आज दुर्मिळ झालें आहे. मोल चढलें कीं भेसळ पाठोपाठ येतेच.

ही भेसळ दोन प्रकारची. पहिली नागरमोथ्याची. अतिविषा न मिळाल्यास मुस्ता घ्यावी असें भावप्रकाशांत सांगितलें आहे. परंतु वैद्यानें सांगून दिलेला मोथा हा प्रतिनिधि, आणि न सांगतां अतिविषाच्या भावानें विकलेला तोच मोथा ही लबाडी होय. हिच्यांत पैसा जातो व गुण येत नाहीं. दुसरी भेसळ प्राणावर बेतणारी. बचनाग हा अतिविषाचा सख्खा भाऊबंद. त्यांतील अकोनिटीनानें ओठ व जीभ बधिर होतात आणि हृदयाची गति बिघडते.

पूर्वजांनीं नांवांतच खुणा ठेविल्या आहेत. शुक्लकंदा म्हणजे आंतून पांढरी, भंगुरा म्हणजे सहज मोडणारी, घुणवल्लभा म्हणजे किडीस प्रिय. या खुणा उपयोगी खऱ्या, पण पुरेशा नव्हेत. गोमूत्रांत शोधिलेला बचनाग काळा दिसतो. न शोधिलेला आंतून पांढराहि असतो. चाखून पाहण्याचा मार्ग तर सर्वथा वर्ज्य समजावा. मूळ खोटें निघाल्यास ती परीक्षाच घातक ठरेल.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच. चूर्ण न घेतां अखंड मूळ घ्यावें, तें पावती देणाऱ्या दुकानांतून घ्यावें आणि वापरण्यापूर्वीं जाणत्या वैद्यास दाखवावें. शंका राहिल्यास तें सहाणेवर चढवूं नये. पहिले सहा महिने बालकास केवळ आईचें दूध द्यावें, असें आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हां तान्ह्याच्या गुटीची घाई करण्याचें कारणच नाहीं. पुढें केव्हांहि मूळ दिल्यावर मूल निस्तेज झालें, वांत्या करूं लागलें किंवा तोंडाशीं हात नेऊन कळवळूं लागलें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां उरलेल्या मुळासह त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.